कुणावाचून अडतं?

गॅदरिंगचा पडदा ओढणारा मुलगा कुणाच्याच फोटोत येत नाही. आमच्या शाळेत हा मान (हो, मानच) आठवीतल्या एका मुलाकडे होता. अभ्यासात यथातथा, आवाज घोगरा, नाचायला लाजायचा आणि नाटकात घेतलं तर वाक्य विसरायचा. पण पडदा त्याचा. निळ्या मखमलीचा, जागोजागी रफू केलेला तो जड पडदा दोन दोऱ्यांवर चालायचा आणि मध्ये एका कडीत हमखास अडकायचा. ती जागा त्याला पाठ होती. तिथे आलं की तो दोरीला मनगटानं एक हलका हिसका द्यायचा आणि पडदा पुढे सरकायचा. एका वर्षी ऐन गॅदरिंगच्या दिवशी त्याला ताप भरला. दुसऱ्या कुणी तरी दोरी धरली, पडदा अडकायचा तिथेच अडकला आणि महाराजांच्या दरबारातले अर्धे मावळे पडद्याआड, अर्धे उजेडात असे बराच वेळ ताटकळले. चार दिवसांनी तो शाळेत आला तेव्हा सातवीच्या पोरांनीसुद्धा त्याला गाठून सांगितलं, ‘तू नव्हतास ना, म्हणून घोळ झाला.’ त्या दिवशी तो ज्या ऐटीत वर्गात शिरला ती ऐट नंतर पहिल्या नंबरवाल्यांकडेही मी पाहिली नाही.

शाळेबद्दलची आपुलकी कशानं येते, या प्रश्नाचं माझं उत्तर त्या दोरीला बांधलेलं आहे. आपण मराठीत सहज म्हणतो, कुणावाचून कुणाचं अडत नाही. जगण्याच्या बाबतीत ते खरं असेल. शाळेच्या बाबतीत मात्र उलटा हिशोब लागू पडतो: जिथे आपल्यावाचून काही तरी अडतं, ती जागा आपली वाटते.

शाळांच्या वार्षिक अहवालांत या गोष्टीसाठी एक ठरलेलं वाक्य असतं: ‘सर्व उपक्रमांत विद्यार्थी व शिक्षकांनी उत्स्फूर्त सहभाग घेतला.’ अख्ख्या अहवालात ‘उत्स्फूर्त’ इतका ओढूनताणून आणलेला शब्द दुसरा नसेल. हजेरी घेऊन उन्हात बसवलेली पोरं टाळ्या वाजवतात, त्यालाही आपण सहभागच म्हणतो. बघणारा आणि करणारा यांतला फरक एकाच शब्दात बुडून जातो. तो फरक मोजायचं काम अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एका चिवट माणसानं केलं.

रॉजर बार्कर हा मानसशास्त्रज्ञ होता, पण प्रयोगशाळेत उंदरांपाशी बसणं त्याला मानवलं नाही. मुलं खऱ्या जगात दिवसभर काय करतात हे कुणी नीट पाहिलेलंच नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणून १९४७ मध्ये तो बायकापोरांसह ऑस्कलूसा नावाच्या छोट्या गावात राहायला गेला आणि तिथेच त्यानं निरीक्षणाचं ठाणं उघडलं. तिथून पुढे आलेलं एक पुस्तक तर एकाच मुलाच्या एकाच दिवसाची, उठल्यापासून झोपेपर्यंतची, मिनिटामिनिटाची नोंद आहे. १९६४ मध्ये बार्कर आणि पॉल गंप यांनी ‘बिग स्कूल, स्मॉल स्कूल’ हे पुस्तक काढलं. त्यासाठी कॅन्ससमधली माध्यमिक विद्यालयं अभ्यासली होती. सगळ्यांत लहान शाळेत ३५ मुलं होती, सगळ्यांत मोठीत २,२८७.

बार्करनं मुलांना ‘तुम्हाला शाळा आवडते का’ असं विचारून सुरुवात केली नाही. त्यानं आधी शाळेत किती ‘प्रसंग’ घडतात ते मोजलं. वर्ग, नाटकाची तालीम, बँड, बास्केटबॉलची मॅच, सहलीसाठी पैसे जमवायला मांडलेला केकचा स्टॉल, असा प्रत्येक प्रसंग. आकडे आले ते असे: मोठ्या शाळेत लहान शाळेच्या ६५ पट मुलं होती, पण प्रसंग मात्र जेमतेम आठ पट. म्हणजे दारातून आत शिरल्यावर मोठी शाळा दिमाखदार दिसते, पण एकेका मुलाच्या वाट्याला येणारी जागा आकसलेली असते. नाटकाला पात्रं वीस लागतात, मग शाळा शंभराची असो की दोन हजारांची. शंभराच्या शाळेत वीस पात्रं, दहा पडद्यामागचे, पाच तिकीटवाले असे लावून झाले की सर हिंडून हिंडून माणसं शोधतात. दोन हजारांच्या शाळेत सर चाचणी घेतात. एकीकडे ‘चल रे, तुझ्याशिवाय कोण आहे’ आणि दुसरीकडे ‘पुढच्या वर्षी बघू’. मुलाला शाळेचा स्वभाव कळतो तो या दोन वाक्यांवरून.

मुलांनी सांगितलेल्या समाधानाच्या जातीही वेगळ्या निघाल्या. मोठ्या शाळेतली मुलं सांगत, आमची टीम जिंकली, आमची शाळा भारी, फार मजा आली बघताना. लहान शाळेतली सांगत, मला ते जमलं, आम्ही सगळ्यांनी मिळून ते उभं केलं. माझ्या मते खरा निष्कर्ष याच्याही पुढचा आहे, आणि तो बार्करच्या गटातल्या एडविन विलेम्सनं काढला. त्यानं मागच्या बाकावरची मुलं वेगळी काढली: अभ्यासात कच्ची, मध्येच शाळा सोडतील अशी. मोठ्या शाळेत या मुलांना शाळेच्या कार्यक्रमांबद्दल बांधिलकी जवळजवळ वाटतच नव्हती. लहान शाळेत मात्र तसल्याच मुलांना ती इतरांइतकीच वाटत होती. घरची परिस्थिती तीच, डोकं तेवढंच. फरक इतकाच की लहान शाळेला त्यांना मागच्या बाकावर बसवून ठेवणं परवडत नव्हतं. तिथे पडद्यापाशी कुणी तरी हवंच होतं.

लहान शाळेचं फार गुणगान करू नये. तिथे निवड नसते. सतार शिकायची असेल तर शिकवणारं कुणी नाही, आणि ज्याला त्याला प्रत्येक गोष्टीत ओढल्यामुळे पोरं दमतातही. पण आपल्याकडच्या दोन सत्रांत भरणाऱ्या, एकेका इयत्तेच्या आठ-आठ तुकड्या असलेल्या शाळा आठवून पाहा. वक्तृत्वाला जी मुलगी, स्वागतगीतालाही तीच, परिपाठाला सुविचार सांगायला तीच आणि पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायलाही तीच. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. ऐन वेळी घोळ नको म्हणून हातचं खात्रीचं पोर पुढे केलं जातं. असं वर्षभर चालतं आणि पाचसहा चलती मुलं अख्ख्या शाळेच्या वतीनं सहभाग घेऊन टाकतात.

यावर उपाय म्हणून बऱ्याच शाळांनी ‘हाऊस’ आणले. लाल, निळं, हिरवं, पिवळं. आता ही पद्धत जिथून आली त्या इंग्लंडच्या निवासी शाळांत हाऊस म्हणजे खरोखरच घर असायचं. एका छपराखाली मुलं वर्षानुवर्षं राहायची, तिथेच जेवायची, शिक्षकाचं बिऱ्हाडही तिथेच. मोठ्या शाळेच्या पोटात एक लहान शाळा, असा तो बेत होता. आपल्याकडे घर आलंच नाही, फक्त रंग आला. बुधवारी घालायचा टी-शर्ट आणि फळ्यावरचे गुण, एवढंच त्याचं अस्तित्व.

रंग वाटले की जोश येतो, हे खोटं नाही. तो किती लवकर येतो आणि कुठवर जातो हे मुझफर शेरीफ या मूळच्या तुर्की मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह या जंगल-उद्यानात पाहिलं. अकराबारा वर्षांची २२ मुलं, चांगल्या घरची, एकमेकांना अनोळखी. शिबिरात त्यांचे दोन गट पाडून वेगवेगळे ठेवले. एका गटानं स्वतःचं नाव ठेवलं रॅटलर्स, दुसऱ्यानं ईगल्स. मग बेसबॉल, रस्सीखेच, बक्षिसं. स्पर्धेच्या पहिल्याच दिवशी हरलेल्यांनी जिंकलेल्यांचा झेंडा जाळला. पुढे खोल्यांवर धाडी, शिव्या, मारामारीचे प्रसंग. एकत्र जेवायला बसवलं तर एकमेकांवर अन्न फेकलं. आपल्या गटाबद्दल प्रत्येकाचा ऊर भरून आलेला होता, आणि तो भरून यायला समोर कुणी तरी शत्रू लागत होता.

नंतर संयोजकांनी शिबिराचं पाणी बंद पाडलं. टाकीपासून नळापर्यंत बिघाड शोधायला दोन्ही गट निघाले. मग जेवण आणायला निघालेला ट्रक ‘बंद पडला’. मुलांनी त्याला दोर बांधला आणि सगळ्यांनी मिळून ओढला. दोर कुठला, तर रस्सीखेचीचाच. एकाच दोराच्या दोन टोकांना बांधलेली मुलं आता एका टोकाला आली होती. शिबिर संपलं तेव्हा परतीला त्यांनी आपणहून एकच बस मागितली आणि वाटेत रॅटलर्सनी स्पर्धेत मिळालेले पाच डॉलर सगळ्यांच्या मिल्कशेकवर उडवले.

या कथेला एक शेपूट आहे, ते क्वचित सांगितलं जातं. शेरीफनं असाच प्रयोग आदल्या वर्षी, १९५३ मध्ये न्यूयॉर्क राज्यात करून पाहिला होता आणि तो फसला. तिथे गट पाडण्याआधी मुलं काही दिवस एकत्र राहिली होती, त्यांच्या दोस्त्या जमल्या होत्या. मग किती का चिथवेनात, ती एकमेकांवर उलटेनात. उलट मोठी माणसंच काही तरी डाव करताहेत असा संशय त्यांना आला. प्रयोग गुंडाळावा लागला. शाळांच्या दृष्टीनं मला हा फसलेला प्रयोग जास्त मोलाचा वाटतो. स्पर्धेआधी ओळख झालेली असली, तर स्पर्धा खेळापुरती राहते.

आता आपल्या घरचं उदाहरण. जपानी मुलं स्वतःचा वर्ग स्वतः झाडतात, हा व्हिडिओ आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर कुणा ना कुणा काकांनी पाठवलेला आहे. साताऱ्याचं मात्र कुणी पाठवत नाही.

भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. पुढे साताऱ्यात १९२४ मध्ये वसतिगृह निघालं. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते त्याला ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नाव दिलं गेलं. गांधीजींना तिथे भावलं ते असं की सगळ्या जातिधर्मांची पोरं एका पंगतीत जेवत होती. पण पंगत हा त्या बोर्डिंगचा दिसणारा भाग. पंगतीच्या आधीचं बघितलं पाहिजे. पीठ मुलांनी दळलेलं, भाकऱ्या मुलांनी पाळीपाळीनं थापलेल्या, भाजी मुलांनी पिकवलेली, पाणी मुलांनी शेंदलेलं. पुढे शाळा-महाविद्यालयांसाठी ‘कमवा आणि शिका’ या नावानं हीच पद्धत रूढ झाली. १९४० मध्ये साताऱ्यात निघालेलं महाराजा सयाजीराव हायस्कूल तिच्यावरच उभं राहिलं. मुलं शेतात राबायची, खडी फोडायची, इमारतीच्या पायासाठी माती वाहायची. ज्या भिंतीत आपण दगड ठेवला त्या भिंतीवर कुणी नाव कोरलं तर पोरंच त्याचं मनगट धरतील, हे वेगळं सांगायला नको.

हे काम शोभेचं नव्हतं, हे त्यातलं मर्म. वर्षातून एकदा २ ऑक्टोबरला पाहुण्यांसमोर नवे कोरे झाडू धरून फोटो काढतात, ते वेगळं. शाहू बोर्डिंगमध्ये ज्याची भाकरीची पाळी तो झोपून राहिला तर रात्री साऱ्यांनाच उपास. आणि पैसा संपला तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही मोडलं. सोवळंओवळं पाळणाऱ्या घरातून आलेल्या या बाई त्या साऱ्या पोरांच्या आई झाल्या. मुलांच्या सहभागाबद्दल बोलताना मोठ्यांनी त्यात काय घातलं हे विसरून चालत नाही. आई मंगळसूत्र मोडते हे पाहिलेल्या पोराला ‘संस्थेबद्दल अभिमान बाळगा’ असं सांगावं लागत नाही.

इथे एक खडा टाकणं भाग आहे. आपल्या देशात झाडू हा नुसता झाडू नसतो. वर्ग कोण झाडतं, स्वच्छतागृह कोण धुतं, यामागे जात उभी असते. पाळी आहे असं म्हणायचं आणि पाळी ठरावीक मुलांवरच यायची, असं कित्येक शाळांत चालत आलं आहे. मुलींच्या वाट्याला झाडलोट आणि रांगोळी, मुलांच्या वाट्याला बाकं उचलणं, हे तर आजही कुणाला खटकत नाही. शाहू बोर्डिंगची गंमत अशी की तिथे ही वाटणीच मोडली होती. जे पोर घरी कधी खरकट्याला हात लावणार नाही त्याच्यावर भांडी घासायची पाळी येत होती. एरवी कामातून आपुलकी येते हे तत्त्व फार लवकर फुकटच्या मजुरीचं निमित्त होतं.

मोठ्यांचा विषय निघालाच आहे तर शिक्षकांचं पाहू. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम २७ नुसार शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज शाळाबाह्य काम देता येत नाही. पण कायद्यात न मोजलेली कामं शाळेच्या आतच बसलेली आहेत: सरल, यू-डायस या पोर्टलांवर भरायची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, आज दुपारी दोनपर्यंत पाठवायची माहिती, उपक्रमाचे फोटो. झाडं लावण्यापेक्षा झाडासोबतचा फोटो वर चढवण्यात जास्त वेळ जातो, असं एका गुरुजींनी मला हसत सांगितलं. हसू कोरडं होतं. राज्यात नव्यानं लागलेला शिक्षक पहिली तीन वर्षं ‘शिक्षण सेवक’ असतो. प्राथमिकला त्याचं मानधन २०२३ पर्यंत महिना ६,००० रुपये होतं, तेव्हा कुठे ते १६,००० झालं. ज्याला शाळेनं आपलं पुरतं म्हटलेलं नाही त्यानं शाळेला आपलं म्हणावं, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

तरीही गुरुजींची बदली झाली की गाव रस्ता अडवतं, पोरं त्यांच्या मोटारसायकलला लोंबकळून रडतात, अशा बातम्या दर वर्षी येतात. त्या गुरुजींनी काय केलेलं असतं हे विचारत गेलं तर उत्तरं फार साधी असतात. आमच्याबरोबर लंगडी खेळायचे. स्वतः लेझीम घेऊन रांगेत उभे राहायचे. या लेझमीचंच घ्या. हलगी वाजू लागली आणि चाळीस पोरं एका तालात वाकली की एकाचाही हात चुकलेला कानाला लागतो. सर शिट्टी घेऊन बाजूला उभे असतील तर चुकलेल्या पोराला ओरडा बसतो. सर स्वतः रांगेत असतील तर बऱ्याचदा चुकतात तेच, आणि पोरं त्यांना हात कसा न्यायचा ते दाखवतात. सरांना काही तरी येत नाही आणि ते आपल्याला येतं, ही मुलासाठी केवढी मोठी बातमी असते!

आणि जे शिक्षकही नाहीत त्यांचं काय? खिचडी शिजवणाऱ्या ताई, शिपाईमामा. कुठल्या पोराचे आईवडील ऊसतोडीला गेलेत आणि ते आजीकडे राहतं, कोण सकाळी उपाशी येतं, हे शाळेत सगळ्यांत आधी खिचडीवाल्या ताईंना कळतं, कारण दुसऱ्यांदा ताट पुढे करणारी पोरं त्यांना ठाऊक असतात. ५ सप्टेंबरला दहावीची मुलं शिक्षक होतात, एक जण मुख्याध्यापक होतो, एखादा हौशी शिपाईही होतो आणि घंटा वाजवतो. त्या दिवशीच्या फोटोत खऱ्या शिपाईमामांना उभं केलेलं मी फारसं पाहिलेलं नाही.

बार्करचा लहान शाळेचा आकडा ३५ होता. आपल्याकडे महाराष्ट्रात २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा १४ हजारांहून जास्त होत्या. त्याच वर्षी सरकारनं त्या एकत्र करून समूह शाळा काढायचा विचार मांडला, तेव्हा बराच वाद झाला. सरकारचं म्हणणं असं की चार पोरांना मित्र नाहीत, मैदान नाही, स्पर्धा नाही. गावांचं म्हणणं असं की ओढा ओलांडून पोरी जाणार नाहीत, घरी बसतील. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, आणि दुसरी मला जास्त जड वाटते. पण या वादात एक गोष्ट मोजली गेली नाही. तिच्यासाठी अशा एका शाळेचा परिपाठ बघावा लागतो.

डोंगराच्या कुशीतली दोनशिक्षकी शाळा, पट अकरा. मी गेलो त्या दिवशी आठच पोरं आली होती, कारण वरच्या वाडीत लग्न होतं. घंटा म्हणजे आंब्याला टांगलेला रुळाचा तुकडा. तो वाजवणारा चौथीतला मुलगा लग्नाला गेलेला, म्हणून दुसरीतल्या मुलीनं बाक ओढून त्यावर चढून तो वाजवला. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा झाली. सुविचार झाला. पंचांगाची पाळी ज्याची तोही लग्नातच. गुरुजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःच सुरू केलं: आज वार मंगळवार, तिथी अष्टमी.

‘नवमी, गुरुजी,’ बाकावरून अजून न उतरलेली ती मुलगी म्हणाली. ‘काल फळ्यावर अष्टमी मीच लिहिली होती.’

गुरुजींनी नवमी म्हटलं आणि परिपाठ पुढे सरकला.